न सांगता कारखान्यात शिरणारा इन्स्पेक्टर : १९४९ ला दिलेला शब्द आणि आजची तपासणी

मेधा_चिंचवड (धागाकर्ती)

धागा काढायला कारण पिंपरी-चिंचवडमधलं तळवडे. ८ डिसेंबर २०२३ ला तिथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली. आत काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. शेडला परवानगीच नव्हती हे लगेच उघड झालं. त्याआधी ७ जून २०२१ ला मुळशीत उरवड्याला आगीत १७ कामगार गेले, त्यांतही बहुतेक बायाच. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला आणि २३ मे २०२४ ला पुन्हा. प्रत्येक वेळी लोक विचारतात, इथे शेवटची तपासणी कधी झाली होती? उत्तर चौकशीच्या फायलीत जातं आणि तिथेच राहतं.

तपासणीवर आपल्याकडे बोललं जातं ते दोनच पद्धतीने. एकतर 'इन्स्पेक्टर राज नको', नाहीतर दुर्घटनेनंतर 'इन्स्पेक्टर काय करत होते?' तपासणी कशी असावी हे मात्र भारत सरकारने सही करून मान्य केलेलं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा, म्हणजे आयएलओचा, करार क्रमांक ८१. ११ जुलै १९४७ ला जिनिव्हात मंजूर झाला आणि भारताने त्याला ७ एप्रिल १९४९ ला मान्यता दिली. आपली राज्यघटना लागू व्हायच्याही आधी.

मी तो मुळातून वाचला. कलम १२ म्हणतं की ओळखपत्र असलेल्या निरीक्षकाला कामाच्या कुठल्याही जागी, दिवसा वा रात्री, आधी न कळवता मुक्तपणे शिरता आलं पाहिजे. एवढंच नाही, एखादी जागा तपासणीखाली येत असावी असं मानायला वाजवी कारण असेल तर तिथेही दिवसा शिरता आलं पाहिजे. म्हणजे नोंद नसलेली, पत्र्याची, पाटी नसलेली शेडसुद्धा. कामगाराशी एकट्याने बोलायचा अधिकार त्यातच आहे. कलम ६ सांगतं की निरीक्षकाची नोकरी कायम हवी आणि सरकार बदललं किंवा बाहेरून दबाव आला तरी तिला धक्का लागता कामा नये. कलम १० प्रमाणे निरीक्षक पुरेसे हवेत. कलम १६ प्रमाणे तपासणी गरजेइतक्या वेळा आणि गरजेइतकी कसून व्हायला हवी. कलम २० आणि २१ प्रमाणे दर वर्षी जाहीर अहवाल हवा: निरीक्षक किती, जागा किती, भेटी किती, उल्लंघनं आणि दंड किती, अपघात किती, व्यवसायजन्य आजार किती. वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत.

आता आपल्याकडे काय चालतं ते पाहा. १६ ऑक्टोबर २०१४ ला केंद्राने श्रम सुविधा पोर्टल सुरू केलं. कोणता निरीक्षक कुठे जाणार ते संगणक ठरवतो आणि अहवाल ७२ तासांत पोर्टलवर चढवायचा असतो. तक्रारीवरून तपासणी करायची की नाही ते वरच्या पातळीवर, पुरावा पाहून ठरतं. २०१६ च्या स्टार्टअप इंडिया योजनेत तर स्वतःच प्रमाणपत्र द्या, काही वर्षं तपासणी नाही, तक्रार आली तर ती लेखी आणि पडताळता येण्याजोगी हवी, वर निरीक्षकाच्या वरिष्ठाची मंजुरीही हवी अशी अट घातली. पुढे नवीन श्रम संहितांनी संगणकाने वाटून दिलेली तपासणी थेट कायद्यातच आणली. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहेत.

या सगळ्यावर आयएलओच्या तज्ज्ञ समितीने वर्षानुवर्षं प्रश्न विचारले आहेत. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये जिनिव्हात दर जूनला भरणाऱ्या आयएलओ परिषदेत भारताचं प्रकरण याच करारावरून चर्चेला आलं. जगभरच्या प्रकरणांतून तिथे फक्त वीसेक निवडली जातात, हे ध्यानात घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. संगणकाला फक्त यादीतला कारखाना दिसतो. तळवड्याची शेड कुठल्याच यादीत नव्हती. ती दिसायला त्या रस्त्यावरून जाणारा, नाकाला वास लागल्यावर आत शिरू शकणारा आणि शिरल्याबद्दल ज्याला कोणी जाब विचारणार नाही असा माणूस लागतो. तो माणूस देऊ असं आपण १९४९ ला लिहून दिलंय.

या क्षेत्रात काम केलेल्यांनी लिहावं. राजकीय पक्षांवरून भांडण नको, हे सगळं अनेक सरकारांच्या काळात घडलेलं आहे.

जुना_सेफ्टीवाला

मेधाताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी उभी नोकरी सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली, बरीचशी प्रेस शॉप असलेल्या कंपन्यांत. आगाऊ कळलेली आणि न कळवता झालेली तपासणी यांत किती फरक असतो ते सांगतो.

पॉवर प्रेसला, म्हणजे साच्यात (डायमध्ये) पत्रा दाबणाऱ्या मशीनला, दोन हातांची दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येत नाही, त्यामुळे दोन्ही हात डायच्या बाहेर राहतात. पण पाळीचा आकडा गाठायचा असतो. मग एका बटणावर पट्टी ठोकतात किंवा चिकटपट्टी गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवतात. एक हात बटणावर, दुसरा डायमध्ये जॉब सरकवायला मोकळा. बोटं जातात ती अशी. ही पट्टी ऑपरेटर स्वतःच्या हौसेने लावत नाही. सुपरवायझरला माहीत असतं, मॅनेजरला माहीत असतं, आणि मी लेखी दिलेलं असतं.

तपासणी आहे असं आदल्या दिवशी कळलं की रात्रपाळीतच आवराआवर सुरू. पट्ट्या निघतात, गार्ड बसतात, पिवळे पट्टे नव्याने रंगवले जातात. ठेकेदाराची निम्मी पोरं त्या दिवशी कामावर नसतात, म्हणजे मस्टर आणि माणसं जुळतात. साहेब येतात, केबिनमध्ये रजिस्टरं बघतात, एक फेरी मारतात, सगळं ठीक असा शेरा. जेवणाच्या सुट्टीनंतर पट्ट्या जागच्या जागी.

आणि एकदा एक निरीक्षक रात्री दोन वाजता तिसऱ्या पाळीत गेटवर उभे. वॉचमनने फोन लावायच्या आत ते आत आले होते. केबिनकडे वळलेच नाहीत, सरळ प्रेस लाइनवर. पट्टी लावलेली मशीनं त्यांनी जागेवर बंद करायला लावली. एका ऑपरेटरला बाजूला नेऊन बराच वेळ बोलले आणि आम्हाला कुणाला जवळ येऊ दिलं नाही. त्यानंतर त्या कंपनीत लाइट कर्टन आले, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारे प्रकाशाचे पडदे. मी कितीतरी वर्षं मागत होतो आणि बजेट नाही असं ऐकत होतो.

निरीक्षकांची बाजूही सांगायला हवी. एकेकाकडे दोन-दोन हद्दींचा कारभार. वर कोर्टाच्या तारखा, अधिवेशन काळात विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं, परवाने, नूतनीकरण. फिरायला गाडी नाही, मग कंपनीचीच गाडी घ्यायला येते. ज्याच्या गाडीतून आलात त्याच्याविरुद्ध खटला भरणं माणसाला जड जातंच. करारात कलम ११ आहे, कार्यालय आणि प्रवासाची सोय सरकारने द्यावी म्हणून. ते कलम कोणी उगाच घातलेलं नाही.

यंत्रवाला_भोसरी

दुसरी बाजू मांडतो. माझं भोसरीत छोटं मशीन शॉप आहे, अठरा-वीस माणसं. वडिलांच्या काळापासून तपासणी पाहतोय. पोर्टल येण्याआधी वेगवेगळ्या खात्यांची माणसं यायची. प्रत्येकाला वेगळं रजिस्टर, एकाच माहितीचे चार तक्ते. दिवाळीच्या आधी हमखास फेरी. रजिस्टरात एक रकाना रिकामा सापडला की बोलणी सुरू, आणि ती कशाची असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या फेऱ्यांत माझ्या मशीनचा गार्ड कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

पोर्टलनंतर तरी लेखी अहवाल येतो, तोच माणूस पुन्हा येत नाही, काय त्रुटी आहे ते कागदावर कळतं. हे परत घालवू नका. 'न सांगता, कधीही' हे ऐकायला चांगलं वाटतं, पण रात्री दोनला आलेला माणूस कशासाठी आलाय हे आम्हाला कसं कळणार?

एक गोष्ट मात्र ताईंची शंभर टक्के खरी. येतात ते आमच्याकडे, कारण आमची नोंद आहे. दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या गाळ्यात केमिकलचे ड्रम रचून काम चालतं, ना पाटी ना परवाना. तिथे कोणी फिरकत नाही. नियम पाळणाऱ्यालाच नियमांचा जाच, आणि न पाळणारा माझ्यापेक्षा स्वस्तात माल देतो.

मेधा_चिंचवड

यंत्रवाला, तुमचा प्रतिसाद मला सगळ्यात मोलाचा वाटला. पैसे खाणारा निरीक्षक हा कामगाराचाही शत्रूच आहे, तुमचे पैसे घेऊन तो कामगाराचीच बोटं विकत असतो.

पण त्यावरचे उपाय याच करारात आहेत. ज्या कारखान्यावर देखरेख करायची त्यात निरीक्षकाचा कसलाही हितसंबंध असता कामा नये, हे कलम १५ मध्ये आहे. स्थिर नोकरी, पुरेसे लोक, प्रशिक्षण, स्वतःची गाडी ही सगळी कलमं माणूस विकला जाऊ नये म्हणूनच आहेत. मालकाला तांत्रिक सल्ला देणं हे निरीक्षकाचं कामच आहे, कलम ३ मध्ये तसं लिहिलंय. तेव्हा निरीक्षकाने सल्ला द्यावा याला माझा विरोध नाही. सल्ला द्यायचा तर प्रेसजवळ उभं राहून द्यावा लागतो, म्हणून माणसं हवीत.

लेखी अहवाल आणि ७२ तासांची अट राहू द्या, ते चांगलंच आहे. यादीतल्या कारखान्यांची काही तपासणी संगणकाने निवडली तरी चालेल. अडचण आहे ती निरीक्षकाने स्वतःहून कुठे जाऊ नये यात. सरकार म्हणतं की तक्रार आणि तातडीच्या प्रसंगी अजूनही जाता येतं. पण त्यासाठी वरची परवानगी लागणार असेल तर दोन गल्ल्या पलीकडचे ते ड्रम जसेच्या तसे राहतात.

संख्येचंही पाहा. आयएलओने २००६ मध्ये एक ढोबळ मोजमाप सांगितलं होतं: औद्योगिक देशांत १०,००० कामगारांमागे एक निरीक्षक, औद्योगिक होत असलेल्या देशांत १५,००० मागे, अगदी गरीब देशांत ४०,००० मागे एक. आपण यांतल्या कुठल्या रांगेत बसतो ते काढायला दर वर्षीचा अहवाल लागतो.

शेजारच्या बांगलादेशनेही हा करार १९७२ पासून मान्य केलेला आहे. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेवर माणसं मेली, तेव्हा कुठे २०१४ मध्ये तिथल्या तपासणी यंत्रणेला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला आणि पदं वाढवली गेली. आपल्याला त्यासाठी राणा प्लाझा लागू नये.

ॲड_नीरज

कायद्याच्या अंगाने थोडं.

एक, करार क्र. ८१ भारतात आपोआप कायदा होत नाही. आपल्याकडे संसदेने किंवा विधिमंडळाने कायदा करावा लागतो. राज्यघटनेचं अनुच्छेद ५१ आंतरराष्ट्रीय करारांबद्दल आदर राखायला सांगतं आणि सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७ च्या विशाखा निकालात आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, हा रस्ता आहे. पण तो लांबचा आहे.

दोन, आयएलओकडे दंड करायची ताकद नाही. काम असं चालतं: सरकार ठरावीक काळाने अहवाल पाठवतं, कामगार संघटना त्यावर आपलं म्हणणं थेट जिनिव्हाला पाठवू शकतात, स्वतंत्र कायदेतज्ज्ञांची समिती दोन्ही वाचून शेरे लिहिते आणि गंभीर प्रकरणं जूनच्या परिषदेत सरकार, मालक, कामगार या तिघांसमोर येतात. तिथे आपल्या सरकारला सगळ्या जगासमोर उत्तर द्यावं लागतं. शेरे आणि चर्चा जाहीर असतात, पण आपल्या वृत्तपत्रांत त्याची ओळही येत नाही.

तीन, संहितांबद्दल. वेतन संहितेत काही गुन्ह्यांसाठी खटला भरण्याआधी मालकाला दुरुस्तीची संधी देणं निरीक्षकावर बंधनकारक आहे. तोच गुन्हा पाच वर्षांत पुन्हा केला तर ही सवलत नाही. करारातलं कलम १७ म्हणतं की उल्लंघन करणाऱ्यावर पूर्वसूचनेशिवाय तत्काळ कारवाई करता आली पाहिजे, आणि समज द्यायची की खटला भरायचा हे निरीक्षकाने ठरवावं. सुधारणेची सूचना आधी देण्याचा अपवाद राष्ट्रीय कायद्याने करता येतो हेही तिथेच आहे. त्यामुळे संधी दिली की करार मोडला असं सरसकट म्हणता येणार नाही. पण जिथे संधी द्यायचीच असं बंधन येतं तिथे निरीक्षकाचा विवेक उरत नाही. रजिस्टरं न ठेवणाऱ्याला तर पहिली चूक फुकट मिळते. शिवाय फक्त दंडाचे गुन्हे कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून मिटवता येतात.

सुरक्षा संहितेत एक चांगली तरतूद आहे. मालकाच्या कसुरीने कामगाराचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड किंवा दोन्ही, आणि दंडातला किमान निम्मा भाग वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं. पण हे सगळं माणूस गेल्यावर.

चौथा मुद्दा विशेष आर्थिक क्षेत्रांचा. तिथे राज्य सरकारं कामगार आयुक्तांचे अधिकार विकास आयुक्तांकडे सोपवतात. ज्याचं मुख्य काम निर्यात वाढवणं, त्याच्याच हातात कामगार कायद्याची अंमलबजावणी. कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की निरीक्षकाला दिलेल्या दुसऱ्या कामामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाला बाधा येता कामा नये. तज्ज्ञ समितीने भारताला यावर पुन्हा पुन्हा विचारलंय. मेधाताई, हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे.

सुजाता_के

वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. माझी वहिनी एका पॅकिंगच्या कंपनीत होती. रोजचे बारा तास, वरच्या तासांचे पैसे साध्या दराने. कायद्याने ते दुप्पट दराने मिळायला हवेत हे तिला कळलं, म्हणून तिने ऑनलाइन तक्रार केली. नाव आणि मोबाइल नंबर टाकल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. काही दिवसांनी सुपरवायझरने तिला बोलावलं आणि तिच्याच तक्रारीची प्रिंट तिच्यासमोर ठेवली. 'खुलासा सादर करावा' म्हणून ती कंपनीला पाठवली होती. वर तिचं नाव होतं. पुढच्या महिन्यापासून ठेकेदाराने तिला कामावर घेतलं नाही. कारण विचारलं तर काम कमी आहे म्हणे. तिच्या जागी त्याच आठवड्यात दुसरी बाई आली.

तपासणीला कोणी आलंच नाही. करारात तक्रारदाराच्या नावाबद्दल काही आहे का?

मेधा_चिंचवड

सुजाताताई, आहे. कलम १५. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने पूर्ण गुप्त ठेवायचं. एवढंच नाही, ही भेट तक्रारीमुळे आहे असंही मालकाला कळू द्यायचं नाही. म्हणून नेहमीच्या न कळवलेल्या भेटी भरपूर लागतात. त्या होत असल्या तर तक्रारीवरची भेट त्यांतच मिसळून जाते. जिथे वर्षानुवर्षं कोणी येत नाही तिथे अचानक माणूस उगवला की कोणीतरी तक्रार केली हे मालकाला लगेच समजतं, आणि मग शोध सुरू होतो.

वहिनींचं जे झालं तो सरळसरळ त्या कलमाचा भंग आहे. अर्ज जसाच्या तसा कंपनीला पाठवण्याची ही पद्धत बंद झाली पाहिजे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरे. वहिनींनी कामगार संघटनेमार्फत किंवा कायदेशीर मदतीतून थकलेल्या वेतनाचा दावा करावा असं मला वाटतं. नीरज, मुदतीबद्दल तुम्ही सुजाताताईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

ॲड_नीरज

करतो. सुजाताताई, त्या प्रिंटचा फोटो, पगाराच्या नोंदी, बँकेचं पासबुक, हजेरीचं काहीही असेल तर जपून ठेवा.

परदेशी_बर्मिंगहॅम

मी इथे एका फाउंड्रीत क्वालिटीत आहे. ब्रिटननेही हा करार १९४९ लाच मान्य केलाय. आमच्याकडे एचएसईचे, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेचे, निरीक्षक न सांगता येतात. रिसेप्शनवर ओळखपत्र दाखवलं की आत. आधी कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधीला भेटतात, मग मॅनेजरला. गंभीर उल्लंघन सापडलं तर त्या तपासणीचा तासांप्रमाणे खर्च कंपनीकडूनच वसूल होतो, ऑक्टोबर २०१२ पासून तशी पद्धत आहे. पैसे सरकारी खात्यात जातात, पावतीसह. यंत्रवाला यांनी लिहिलेल्या बोलण्यांना इथे जागाच उरत नाही, कारण दोष आणि दर दोन्ही कागदावर असतात. अर्थात २०१० नंतर इथेही एचएसईचा निधी कापला गेला आणि भेटी कमी झाल्या, त्यामुळे सगळं आलबेल आहे असं समजू नका.

गिरणगावकर

इतिहासाची भर घालतो, कारण हा विषय मुंबईचाच आहे. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा, तोही बराचसा मुंबईच्या गिरण्यांमुळे. तो फक्त १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. त्या चळवळीतूनच १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ चा सुधारित कायदा ५० कामगारांवर आला. १९२२ मध्ये २०. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १० कामगार ही मर्यादा केली.

आणि २०२० च्या सुरक्षा संहितेत कारखान्याची मर्यादा परत २० वर आली, वीज नसेल तर ४० वर. म्हणजे १९२२ चा आकडा. ब्रिटिशांच्या काळापासून एकाच दिशेने चाललेली ही संख्या देशपातळीवरच्या कायद्यात पहिल्यांदा मागे फिरली आहे. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत न्यायला मान्यता दिली. तास वाढवायचे असतील तर मोजायला माणसंही वाढवायला हवीत ना?

१९१९ च्या वॉशिंग्टनच्या पहिल्या आयएलओ परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी गेले होते. मजूरमंत्री असताना डॉ. आंबेडकर धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. जागेवर जाऊन पाहणं ही आपलीच परंपरा आहे.

यंत्रवाला_भोसरी

गिरणगावकर, ही मर्यादा माझ्याच दारात येऊन उभी आहे. माझ्याकडे आज एकोणीस माणसं आहेत. व्हॉट्सॲपवर सल्ले फिरतायत की विसावा घेऊ नका, घेतलाच तर दुसऱ्या नावाने फर्म काढा. मला तसं करायचं नाही. लेथवरच्या माणसाचं बोट अठरा जणांच्या शॉपमध्ये कमी तुटतं असं थोडंच आहे.

एक मान्य करतो. येणारा माणूस मशीन बघणार असेल, लेखी देणार असेल आणि शेजारच्या गाळ्यातही शिरणार असेल, तर तो न सांगता आला तरी माझी हरकत नाही.

माजलगावची_रेखा

सगळी चर्चा कारखान्याच्या कुंपणाच्या आतली चाललीय. साखर कारखान्यात निरीक्षक जाऊ शकतो. त्याच कारखान्यासाठी ऊस तोडणारी आमची माणसं फडात आणि कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात, तिथे कोण जातं? मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे अंधारात तोड सुरू. गाडी भरायला मध्यरात्रीसुद्धा उठावं लागतं. हजेरीपट नसतो, त्यामुळे बाईचं नाव कुठेच नसतं. फडात साप चावला, ट्रॉली उलटली, तर तो अपघात कुठल्या नोंदीत येतो?

करार ८१ उद्योग आणि व्यापाराचा आहे असं वाचलं. शेतीसाठी वेगळा आहे का?

ॲड_नीरज

आहे. करार क्र. १२९, १९६९ चा, शेतीतल्या श्रम तपासणीसाठी. भारताने तो मान्य केलेला नाही. ऊसतोडीला कंत्राटी आणि स्थलांतरित कामगारांच्या तरतुदी लावता येतात असा युक्तिवाद होतो, आणि मला तो योग्य वाटतो, कारण तोड आणि वाहतुकीचे करार कारखान्याशी जोडलेले असतात. पण कोप्यांवर जाऊन पाहणारा निरीक्षक ठरवून नेमलेला नाही. रेखाताई, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात मोठा आहे. तपासणीच्या बाहेर राहिलेली माणसं आतल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

मेधा_चिंचवड

रेखाताई, मनापासून आभार. यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

आता काय करायचं ते बोलू. श्रम हा समवर्ती सूचीतला विषय. केंद्र म्हणतं आकडे राज्यांनी द्यायचे, राज्याचे आकडे वेगवेगळ्या कार्यालयांत पडलेले. म्हणून माहितीच्या अधिकारात मागूया. अर्ज दोन ठिकाणी: कामगार आयुक्त कार्यालय आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा सगळं एका अर्जात कोंबू नका, नाहीतर तेवढ्या कारणावरून परत येईल. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

पहिला अर्ज पदांचा: आपल्या जिल्ह्यात निरीक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, एकेकाकडे किती हद्दींचा कारभार. दुसरा भेटींचा: गेल्या पाच वर्षांत वर्षनिहाय तपासण्या किती, त्यांतल्या संगणकाने निवडलेल्या किती, तक्रारीवरून किती, पूर्वसूचना न देता किती, आणि नोंद नसलेल्या किती जागा शोधल्या. तिसरा परिणामांचा: खटले, शिक्षा, दंड, तडजोडीने मिटवलेली प्रकरणं. चौथा सुजाताताईंच्या वहिनींमुळे सुचला: तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याबाबत खात्याचं परिपत्रक असेल तर त्याची प्रत. नसेल तर 'नाही' हे उत्तरसुद्धा आपल्या उपयोगाचं आहे, कारण कामगार संघटना ते जसंच्या तसं जिनिव्हाला जोडू शकतात.

पुण्याचे अर्ज मी टाकते. ठाणे, रायगड, संभाजीनगर, नागपूर कोण घेतंय?

जुना_सेफ्टीवाला

नाशिक मी घेतो. दुसऱ्या अर्जात एक ओळ वाढवा: खात्याकडे तपासणीसाठी स्वतःची वाहनं किती आणि गेल्या वर्षी प्रवासाला किती खर्च मंजूर झाला. आणि भेटीची वेळही विचारा. रात्रपाळीत झालेल्या तपासण्या किती, हा आकडा मला फार वर्षांपासून पाहायचा आहे.

गिरणगावकर

ठाणे माझ्याकडे. डोंबिवलीच्या दोन्ही फेज वेगळ्या मागतो.

यंत्रवाला_भोसरी

पुण्याच्या अर्जावर माझंही नाव घाला. आमच्या उद्योजक संघटनेच्या बैठकीत हा विषय ठेवतो, मालकांकडून मागणी गेली तर खात्यालाही उत्तर देणं सोपं जाईल.

मेधा_चिंचवड

वाहनं आणि रात्रपाळी दोन्ही घातलं. यंत्रवाला, तुमचा अर्ज वेगळा टाका, माझ्या अर्जाला जोडू नका. एकाच मजकुराचे दोन अर्ज दोन बाजूंनी गेलेले बरे. मसुदा आज रात्री इथेच प्रतिसादात टाकते. शब्द मोजून घेतलेत, १५० च्या आत बसतोय. रायगड, संभाजीनगर आणि नागपूर अजून मोकळे आहेत.